मिठाची वाट आणि रविवारची गर्दी : आमच्या घाटातल्या एका ट्रेकचं प्रकरण

गावाचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की पुढच्या रविवारी परत चाळीस गाड्या येतात, हा अनुभव आहे. एवढं सांगतो की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पन्नास-साठ उंबऱ्यांचं गाव, पाठीमागं डोंगर, डोंगराला खिंड, आणि खिंड ओलांडून खाली उतरलं की गोव्याचा सत्तरी तालुका. मी बेळगावात एका दुकानाचे हिशोब लिहितो, शनिवारी गावाकडं जातो, आणि 2017 ला पोरांनी ट्रेकचं काम काढलं तेव्हा "दादा, तू वही बघ" म्हणून वही माझ्या गळ्यात पडली. हे सगळं त्या वहीवरनं लिहितोय. आकडे वहीतले, मतं माझी.

आधी वाट काय आहे ते सांगतो, कारण लोकांना वाटतं ट्रेक म्हणजे पोरांनी रानातनं काढलेली पायवाट. तशी नाही ही. ही बैलांची वाट आहे. चढावर जिथं माती धरत नाही तिथं दगड बसवलेत, अजून काही ठिकाणी वीस-पंचवीस पावलं सलग फरसबंदी लागते, वळणं अशी घेतलीत की लादलेला बैल न थांबता चढला पाहिजे, म्हणजे माणसाला ती उगाच लांब वाटतात आणि आजकालची पोरं मधूनच शॉर्टकट मारतात (आणि तिथंच माती सुटते, ते पुढं येईल). खिंडीत एक दगडी कट्टा आहे, त्याला आम्ही जकातीचा कट्टा म्हणतो. तिथं खरोखर कोण जकात घ्यायचं ते कागदावर मी बघितलेलं नाही, पण नाव पिढ्यानपिढ्या तेच चालत आलंय.

ह्या बाजूला अशा वाटा खूप होत्या. चोर्ला, पारवाड, केळघाट, वरच्या अंगाला रामघाट, खालच्या अंगाला तिनई. गोव्याचे कदंब हलशी आणि गोवा अशा दोन्हीकडनं राज्य करायचे, हलशी आमच्याच तालुक्यात, तेव्हा ह्या घाटांतनं ये-जा असणारच, त्यात शंका नको. खाली तांबडी सुर्ल्याला महादेवाचं जे काळ्या दगडाचं देऊळ आहे तेही कदंबांच्या काळातलं, आणि घाटाच्या पायथ्याला अशा आडरानात एवढं कोरीव देऊळ का बांधलं असेल असं कोणी विचारलं तर मी म्हणतो, तेव्हा ते आडरान नव्हतं, तो हमरस्ता होता.

आणि ह्या हमरस्त्यावरचा मुख्य माल कुठला, तर मीठ. खाली गोव्यात खाडीच्या काठाला मिठागरं, वर घाटमाथ्यावर भात आहे, गूळ आहे, मिरची, कडधान्य सगळं आहे, फक्त मीठ नाही. मीठ न खाता माणूसही जगत नाही आणि जनावरही. हा माल वाहायचे लमाण. लवणावरनं लमाण असं सांगतात, खरं-खोटं भाषावाले जाणोत. तांडा म्हणजे शेकडो बैल, पुढं नायक, बरोबर बायका-पोरं, कुत्री, सगळा संसार. टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या 17व्या शतकात हिंदुस्थानभर फिरला, त्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे बघितल्याचं लिहून ठेवलंय. आमच्या घाटात दहा हजार बैल कुणी आणले असतील असं मला वाटत नाही, कारण वाट एका बैलाच्या रुंदीची, दुसरा समोरनं आला तर कोणाला तरी मागं सरावं लागतं. पण शे-दोनशे बैल एकामागं एक चढतायत, गळ्यातल्या घंटा वाजतायत, हे आज्जाच्या आज्जानं बघितलेलं आणि आज्जानं आम्हाला सांगितलेलं.

आज्जाच्या सांगण्यातली एक गोष्ट मी लहानपणी नुसती ऐकून सोडून दिली होती. तो म्हणायचा, तांडा आला की गावात दिवाळी. का, तर घाट चढून आलेला बैल त्या दिवशी पुढं जातच नाही. मुक्काम पडतो. मुक्काम पडला की बैलाला खायला पिंजर पाहिजे, पाणी पाहिजे, कुणाच्या बैलाची पत्री, म्हणजे नाल, निघाली तर मारून पाहिजे, आणि ह्या सगळ्याच्या बदल्यात गावाला मीठ. उतरणारा तांडासुद्धा उतरायच्या आधी एक रात्र वरच काढणार, कारण घाट दिवसाउजेडीच उतरायचा असतो. म्हणजे जाताना एक मुक्काम, येताना एक. वाट फुकट वापरायची, पैसा काय तो मुक्कामाला.

ही वाट मेली कशानं? रेल्वेनं, हे सगळेच सांगतात, आणि ते खरंच आहे, मुरगाव बंदरापासनं कॅसलरॉकपर्यंत रेल्वे 1880 च्या दशकात आली, मग बैलावर मीठ कोण लादणार. पण त्याच्या आधीची एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. 1878 ला इंग्रज आणि पोर्तुगीजांनी एक करार केला, त्यात गोव्यातल्या मिठाचा सगळा ताबा इंग्रजांकडं गेला, कारण हिंदुस्थानात त्यांचा मिठावर कर होता आणि गोव्याचं स्वस्त मीठ घाटानं वर येऊन तो कर बुडत होता. कितीतरी मिठागरं बंद पडली. 1880 ला लागू झालेला हा करार 1892 ला संपला, पण तोवर बारा वर्षं गेलेली, रेल्वे सुरू झालेली, आणि लमाणांच्या हातातला धंदा गेला तो गेलाच. काही ठिकाणी तर पुढं त्यांनाच गुन्हेगार जमातीच्या यादीत घातलं. ज्यांच्या पाठीवर देशाचं मीठ चाललं त्यांना पोलीस चौकीत हजेरी. असो.

त्यानंतर वाट पूर्ण बंद झाली असंही नाही. 1955 नंतर भारत सरकारनं गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा आज्जा पंचविशीत होता, आणि त्या पाच-सहा वर्षांत रात्रीचं खाली काय जायचं आणि वर काय यायचं ते विचारलं की तो नुसता हसायचा. 1961 ला गोवा मोकळा झाला आणि वाटेवर रान उगवलं.

आता आमचं प्रकरण.

2017 ला गावातली सहा पोरं, सगळी बारावी नाहीतर आयटीआय झालेली, दोघं गोव्यात हॉटेलात काम करून परत आलेले, ह्यांनी ठरवलं की आपली जुनी वाट साफ करायची आणि पावसाळ्यात ट्रेकला माणसं न्यायची. चोर्ल्याचा रस्ता चांगला झाल्यापासनं बेळगाव-गोवा गाड्या धो धो वाहायलागल्या होत्या, धबधब्याला गाडी थांबवून फोटो काढणारे रोज दिसायचे, मग आपल्याकडं का नको, इतका साधा विचार. पहिल्या वर्षी त्यांनी कोयते घेऊन दहा दिवस वाट मोकळी केली. बेळगावच्या ओळखीच्या माणसांचे दोन-तीन ग्रुप आले. माणशी 200 रुपये घेतले, वयनीनं पिठलं-भाकरी घातली, सगळे खूश. वहीत त्या वर्षाचं एक पान भरलंय आणि शेवटी शिल्लक आहे.

2018 ला कोणीतरी ड्रोन उडवला. आमच्या भागात पाऊस म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही, जवळच्याच आमगावात 2010 साली 10,000 मिलीमीटरच्या वर पाऊस मोजलाय, तर असल्या पावसात ढग खालनं वर चढतायत, मधे हिरवागार कडा, आणि एका रेषेत रंगीत रेनकोट घातलेली माणसं. तो व्हिडिओ कुठं कुठं गेला देव जाणे. 2019 च्या जुलैला पुण्याचे, बेंगळुरूचे, हुबळीचे ट्रेक नेणारे लोक फोन करायलागले.

त्या जुलैमधल्या एका रविवारचा हिशोब जसाच्या तसा देतो, कारण सगळं प्रकरण ह्या एका पानात आहे. सात ग्रुप आले, अंदाजे दीडशे माणसं. बाहेरचे ऑपरेटर माणशी किती घेत होते ते त्यांच्याच पोस्टरवर होतं, कोणी 1,500, कोणी 1,800. आम्हाला द्यायचे ग्रुपमागं 1,500, गाईड म्हणून. म्हणजे जमा 10,500. सहा पोरांना 800 प्रमाणं 4,800 दिले. गाड्या लावायला जागा नव्हती म्हणून दोन मिनीबस भाताच्या बांधावर घातल्या, रोप लावणी नुकतीच झालेली, बांध फुटला, पाणी गेलं, त्या काकांना 4,000 द्यावे लागले आणि वर शिव्या खाव्या लागल्या त्या वेगळ्या. दुसऱ्या दिवशी बाटल्या, पिशव्या, बिर्याणीचे डबे गोळा करून ट्रॅक्टरनं नेले त्याचे 1,800. जमा 10,500, खर्च 10,600. दीडशे माणसं गावातनं गेली आणि गावानं खिशातले शंभर रुपये घातले.

मी हे पान पोरांना दाखवलं तर एकजण म्हणाला, "दादा, पब्लिसिटी होतीय की." होय बा, होतीय.

जेवण? जेवण ऑपरेटर पॅक करून आणायचे, नाहीतर परत जाताना हमरस्त्यावरच्या ढाब्यावर. चहासुद्धा नाही. रात्री बसमध्ये बसायचं, सकाळी सहाला गावात उतरायचं, संडास कुठाय विचारायचं (हा पहिला प्रश्न, नमस्काराच्या आधी), घाट उतरायचा, परत चढायचा, फोटो, बस. गावात एकूण वेळ किती, तर कपडे बदलण्यापुरता. त्यात वाटेची वाट लागली ती निराळीच. बैलासाठी केलेली वळणं ह्यांना नकोत, सरळ खाली घसरत जायचं, दीडशे माणसांच्या बुटांनी एका दिवसात जे होतं ते शंभर वर्षांच्या रानानं झालं नव्हतं. वरचं एक वळण 2019 च्या ऑगस्टातल्या मोठ्या पावसात खचलं. शॉर्टकटची नळी तिथनंच गेली होती.

2020 आणि 21 कोरोनात गेली. रान परत वाढलं, मला बरं वाटलं, पोरांना नाही, त्यातले दोघे परत गोव्याला गेले.

आणि मग 2022 चा जुलै. दोन वर्षं घरात कोंडलेली माणसं सुटली. आता तर गाईडचीसुद्धा गरज नव्हती, मोबाईलवर कोणीतरी वाटेचा जीपीएस ट्रॅक टाकला होता, तो उतरवून घेतला की झालं. बावीस जणांचा एक ग्रुप असाच आला, गावात कोणाशी बोलला नाही, पहाटे खाली उतरला. दहा वाजता धुकं असं आलं की स्वतःचा हात दिसेना, ओढ्याला पाणी चढलं, आणि परत येताना मोजले तर एकोणीस.

तीन पोरं मागं राहिली होती. पुढचे अठरा तास जे झालं ते सांगायला नको वाटतं पण सांगायला हवं. खिंडीच्या पलीकडं दोन पावलं टाकली की मोबाईलवर गोव्याचं स्वागत येतं. मदतीचा फोन लावला तो खालच्या राज्यात लागला. त्यांनी गाव विचारलं, आमचं गाव त्यांच्या हद्दीत नाही. वरच्या बाजूला कळवलं तर प्रश्न आला की माणसं वर आहेत का खाली, खाली असतील तर ते खालच्यांचं. कोणाची चूक म्हणून सांगत नाही, दोन्हीकडनं माणसं शेवटी निघालीच, पण दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं त्या तिघांचं झालं. सीमेवर राहणाऱ्या आम्हाला ह्याची सवय आहे, आमचं सगळं आयुष्यच कुठल्या ऑफिसात जायचं ह्यात जातं, त्या बिचाऱ्यांना नव्हती.

आमची चार पोरं आणि गावातला एक म्हातारा बैलवाला, बॅटऱ्या घेऊन रात्री उतरले. म्हाताऱ्यानं एकच सांगितलं, "वळण सोडायचं न्हाई." पहाटे साडेपाचला तिघं सापडले, खाली काजूच्या बागेतल्या एका मांगरात, म्हणजे खोपटात, बसलेले, एकाचा घोटा मोडलेला. मांगरवाल्यानं रात्री त्यांना पेज दिली होती, गोवेकर माणूस, आमची त्याची ओळख ना पाळख. घोटा मोडलेल्याला बांबू आणि घोंगड्याची डोली करून खालीच डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. जीव वाचला सगळ्यांचा. त्या ग्रुपनं आठवड्यानं वाटेला एक स्टार दिला आणि लिहिलं की गावात सोयी नाहीत.

त्यानंतर वनखात्याचे लोक आले आणि त्यांनी पोरांना जे सांगितलं ते ऐकून मलाच लाज वाटली, कारण पाच वर्षं वही लिहीत होतो आणि ही साधी चौकशी मी केली नव्हती. खिंडीच्या खाली म्हादई अभयारण्य, 1999 पासनं, 208 चौरस किलोमीटर. आमच्या बगलेला भीमगड अभयारण्य, 2011 पासनं, 190 चौरस किलोमीटर. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. आमची वाट आज्जाची असेल, पणज्याची असेल, कायद्याला त्याचं काय. आम्ही पाच वर्षं माणसं बेकायदेशीर उतरवत होतो आणि वर त्याचे पैसेही बुडवत होतो, म्हणजे चोरीही केली आणि उपाशीही राहिलो. भीमगडचं महत्त्व आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ जगभरचे शास्त्रज्ञ ओळखतात, शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या दारात लागू करणं वेगळं.

वाट बंद केली. खिंडीत काट्याच्या फांद्या टाकल्या.

2022 ची दिवाळी झाल्यावर देवळात बैठक बसली, आणि तिथं मी दोन पानं वाचून दाखवली. एक 2019 च्या त्या रविवारचं. दुसरं 2017 मधलं, जेव्हा बेळगावचे आठ जण पावसात अडकून रात्री गावातच राहिले होते, चार घरांत. त्या आठ जणांकडनं गावाला त्या रविवारच्या दीडशे जणांपेक्षा जास्त मिळालं होतं, जेवणाचे, झोपायचे, आणि जाताना त्यांनी विकत घेतलेल्या मधाचे आणि आमसुलांचे. मी म्हटलं, आज्जा सांगायचा ते हेच नव्हतं का? तांडा मुक्कामाला थांबायचा म्हणून गाव जगायचं. आपण मुक्काम काढून टाकला आणि नुसती वाट विकायला बसलो. वाट कोणीही मोबाईलवर फुकट उतरवून घेतो, मुक्काम नाही घेता येत.

सगळ्यांना लगेच पटलं असं काही नाही. पोरांचं म्हणणं, पावसाळा सोडला तर कोण येणार, लोकांना धबधबा पाहिजे. बायकांचं म्हणणं वेगळंच, वयनी म्हणाली, "मुक्काम म्हणजे रांधायचं आम्ही, आणि पैसे कोणाच्या हातात?" बैठकीतला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच होता आणि तो अर्ध्या तासाच्या गोंधळात कोणी ऐकलाच नाही, मी वहीत लिहून ठेवला म्हणून पुढच्या वेळी निघाला.

शेवटी ठरलं ते असं. पावसाळ्यात बंद. नोव्हेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंतच, शनिवार-रविवार, एका वेळी सोळाच माणसं, आणि शनिवारची रात्र गावात राहायलाच पाहिजे, नाहीतर येऊ नका. घाट उतरायचा नाही. गावातनं निघून मालकीच्या शेतांतनं, सड्यावरनं जेवढी वाट जंगलाच्या हद्दीबाहेर आहे तेवढीच चालायची, ती साडेतीन किलोमीटर भरते, तिच्यात फरसबंदीचा एक तुकडा येतो आणि लांबनं खिंड दिसते. जानेवारीनंतर का नको, तर गोचीड. सत्तरीत 2015 पासनं माकडतापाचे पेशंट निघालेत, तो ताप गोचिडीनं पसरतो आणि उन्हाळा लागायला लागला की जोर धरतो, त्यात शहरातली हाफ पँटवाली माणसं पाल्यात बसवायची म्हणजे नको ते. पैसे माणशी 1,400, त्यातले 900 घरात रांधणाऱ्या बाईच्या हातात, रोख, तिच्याच सहीनं, 300 चालवणाऱ्या पोराला, 200 गावाच्या पेटीत.

पहिल्या हंगामात, म्हणजे 2023 च्या नोव्हेंबरपासनं, पाच शनिवार भरले. सोळाच्या सोळा एकदाच, बाकी नऊ, अकरा असे. भरल्या शनिवारचा हिशोब 22,400, त्यातले 14,400 चार घरांतल्या बायकांचे. कचरा गोणपाटाची एक पिशवी भरेल एवढा. बांध कोणाचा फुटला नाही.

आणि मग 2024 च्या 26 जानेवारीला तिकडं दक्षिण कर्नाटकात कुमार पर्वतावर हजारोंची गर्दी झाली, फोटो सगळ्यांनी बघितले, आणि राज्य सरकारनं ऑनलाईन बुकिंग नसलेले ट्रेक बंद केले. आमचा हंगाम तेव्हा संपलेलाच होता आणि आम्ही जंगलात जातही नव्हतो, तरी पोरं घाबरली, दोघांनी लगेच सोडतो म्हणून सांगितलं. वनखात्याकडं जाऊन नकाशावर आमची साडेतीन किलोमीटर दाखवून घेतली, सर्व्हे नंबरसकट, तेव्हा कुठं शांत झाली. हे आम्ही 2017 ला पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं, एका दुपारचं काम होतं.

जे अजून जमलेलं नाही तेही सांगतो. पाहुणे चारच घरांत जातात, कारण संडास-बाथरूम चांगलं तिथंच आहे, आणि ती चार घरं कुठल्या आळीतली ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. पाळी लावू म्हणून दोन बैठका झाल्या. पेटीतल्या पैशातनं खालच्या आळीत दोन संडास बांधायचे ठरलंय, एक झालाय, दुसऱ्याचा पाया घातलाय. जोवर दुसरा होत नाही तोवर हे प्रकरण यशस्वी झालं असं मी कोणाला म्हणू देत नाही. दुसरं म्हणजे येणाऱ्यांतले निम्मे विचारतात, खाली का नेत नाही, एवढ्या लांबनं आलो. एकानं तर पैसे परत मागितले, दिले. तिसरं, लमाणांची वाट म्हणून आम्ही गोष्ट सांगतो, पण सांगणारे आम्ही, लमाण कुठायत त्यात? ही गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती.

ती सुचली पाटीमुळं. गावाच्या तोंडाला एक पाटी लावायची होती. आता आमच्या भागात पाटी म्हणजे काय ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. मराठीत लिहिली तर कन्नडवाले जाब विचारायला येणार, कन्नडमध्ये लिहिली तर घरातलेच रुसणार, 2024 च्या कायद्यानं धंद्याच्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे, आता आमची पाटी धंद्याची का दिशेची ह्यावर तीन बैठका. पत्रा आणून, पांढरा रंग मारून, शेडमध्ये दोन महिने पडून होता. शेवटी एका शाळकरी पोरीनं विचारलं, अक्षरं कशाला, बैल काढूया की. सगळे गप्प झाले. तिनंच काढला. पाठीवर दोन बाजूंना दोन पोती, दोरीनं बांधलेली, शेपटी वर, आणि पुढं बाण.

2024 च्या डिसेंबरात एका पाहुण्यांच्या ग्रुपबरोबर धारवाडकडच्या एका तांड्यातली म्हातारी आली होती, नातवाबरोबर, नातू बँकेत आहे. तिला चालवत नव्हतं म्हणून ती पाटीपाशीच बसून राहिली आणि आम्ही परत आलो तेव्हा तिनं नातवाकरवी सांगितलं की हा बैल चुकलाय. पोती दोन नसतात. गोण एकच असते, लांब, मधनं दोन्हीकडं भरलेली, ती पाठीवर अशी आडवी टाकायची, दोन्ही बाजूला सारखं वजन आलं की बसते. मग तिनं स्वतःच्या पदराची दोन टोकं धरून ते करून दाखवलं. पोरगी बाजूला उभी राहून बघत होती. पुढच्या शनिवारी मी गावाकडं गेलो तर पाटी खाली उतरवलेली, पांढरा रंग परत मारलेला, आणि वहीत पेटीच्या खर्चात एक नवी ओळ : रंग 180 रुपये, म्हातारीला फोन रिचार्ज 199.